कोपऱ्यातल्या बाबांना काढणार म्हणे!

“ऐकलंत का दादा, कोपऱ्यातल्या बाबांना सोमवारी काढणार आहेत. काढलं की मग...” पहारेकऱ्यांना एवढं सांगता सांगता सफाईवाल्या मावशी बादली घेऊन बाहेर पडल्या. पुढचं दाराआड राहिलं. आणि कोपऱ्यातले बाबा म्हणजे मीच की हो! या संग्रहालयातला, ध्यानाला बसलेला दगडी बुद्ध. वय दीड हजाराच्या पुढे, नाकाचा शेंडा उडालेला.

इथून काढलं की तळघर. तिथे चिटपाखरू नाही, आणि मला तर जन्मापासून माणसांच्या बोलण्याची चटक.

पाथरवट मला घडवत होता, तेव्हा त्याची बायको जेवण घेऊन यायची. “अहो, ओठ जरा सैल सोडा. असं तोंड बघून कुणाला शांत वाटेल?” तिच्यामुळे मी हसरा झालो. मग विहारात भिक्षूंचं पठण ऐकलं. पुढे विहार ओस पडला, भिंत कोसळली, मी पालथा मातीत गेलो.

कित्येक शतकांनी एका विहिरीपाशी माझी पाठ तेवढी उघडी पडली. शेजारच्या घरातल्या बायकांनी तीन पिढ्या तिच्यावर धुणं धुतलं. पाठीवर साबण, कानावर सासूच्या कागाळ्या. खरं सांगतो, विहारातसुद्धा इतकं करमलं नव्हतं! विहीर रुंद करताना मला उलटा केला, तेव्हा थोरल्या सासूबाई मटकन खालीच बसल्या. “अगं बाई! आणि मी यांच्या पाठीवर चादरी आपटल्या!”

मग मी इथे आलो. मोठ्या साहेबांनी पाटी लावली : ‘पाठ विशेष कौशल्याने घोटलेली.’ मला हसू आवरेना. तसं ते कायमचंच आहे म्हणा.

सोमवारी चार माणसं दोर घेऊन आली.

“सावकाश रे, म्हातारं माणूस आहे!” मावशी ओरडल्या.

त्यांनी मला दालनाच्या मधोमध ठेवलं. समोर एक चित्रकार बाई कागद पसरून बसल्या. पुस्तकासाठी मला काढायचं होतं, चारही बाजूंनी! हुश्श केलं, तोच साहेब म्हणाले, “चित्र झालं की यांना तळघरात हलवा.”

मावशी गुपचूप माझी पाठ पुसू लागल्या. इतकी वर्षं ती भिंतीला टेकलेली. त्यांचा हात मध्येच थबकला.

“साहेब, ही कसली घोटाई? हा तर धुण्याचा दगड! माझ्या आईच्या दारात असाच होता.”

“मावशी, काहीतरीच तुमचं.”

“बरोबर मधे खळगा बघा ना. आपटून आपटून पडतो तसा.”

साहेबांनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. कान लाल झाले त्यांचे. “इथेच राहू द्या यांना,” ते म्हणाले. “ही पाठ लोकांना दिसली पाहिजे.”

मावशींनी फडक्याने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

तेव्हा मला काढलं हे खरं, पण कागदावर. मी आहे दालनातच. कधी आलात तर मागूनही बघा. आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलंय ना, ते माझं म्हणणं नाही हं. खुशाल बोला.