ओल्या यंत्रावरचा स्टिकर

माझ्या आईला तुम्ही मारलंत. भूकंप संशोधनाचं अनुदान वाटायला त्या लांबलचक टेबलाभोवती जेवढे बसता, तेवढे सगळे. जमिनीवर खापर फोडू नका. जमीन हलते हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याचाच पगार खाता.

आई इस्पितळातल्या बाळंतीण विभागाची मुख्य सिस्टर. तो विभाग नव्या इमारतीत, आणि नवी इमारत बुजवलेल्या तळ्यावर. शेजारची जुनी इमारत खडकावर. माझी थोरली बहीण भूकंपाचा अभ्यास करते. ताईचं म्हणणं साधं होतं: धक्का तोच असला तरी भराव खडकापेक्षा कितीतरी जास्त हलतो, तेव्हा बाळंतिणींना जुन्या इमारतीत हलवा. मोठे डॉक्टर तयार होते. त्यांना फक्त तुमची शिफारस हवी होती.

तुम्ही ताईला अनुदान दिलंत, त्यातून जमिनीचे हादरे नोंदवणारी यंत्रं आली. मी टेम्पो चालवतो, म्हणून ती मीच वाहिली, खड्डेही मीच खणले. दोन्ही इमारतींच्या पायाशी यंत्रं पुरली. रस्त्यावरून गाड्या गेल्या की जी थरथर होते, तिच्यातसुद्धा ताईला फरक दिसत होता. ते आलेख घेऊन ती तुमच्याकडे आली. तुमचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, ट्रक गेला की माझ्या घराची खिडकीपण वाजते. खरा भूकंप दाखवा."

"खरा आला तर दाखवायला कोण उरणार, सर?"

"छोटा चालेल हो! आम्ही काय राक्षस आहोत?"

सगळे हसले. मी दारात उभा होतो, मी पाहिलं.

तेव्हापासून आमच्या घरात छोट्या भूकंपाची वाट बघणं सुरू झालं. आई ड्यूटीवरून आली की पायातल्या चपला काढता काढता विचारायची, "काय गं, हलली का आज तुझी पृथ्वी?"

"नाही."

"तुझ्यावरच गेलीये. बोलावलं की येत नाही."

मग तुमच्या भांडार विभागाची वार्षिक मोजणी आली. अनुदानातून घेतलेली प्रत्येक वस्तू भांडारपालाने डोळ्यांनी बघायची, तिच्यावर स्टिकर लावायचा, असा तुमचा नियम. ताईने फोन केला. "ती जमिनीत पुरलीयेत. तुम्ही या, झाकण उघडून दाखवते."

भांडारपाल म्हणाला, "मॅडम, सगळीकडून खुर्च्या येतात, पंखे येतात, कॉम्प्युटर येतात. तुमची यंत्रं काय जावई लागून गेलीत? नाही आणली तर हरवली असं धरू. पुढचा हप्ता विसरा."

ताईने तुमच्या अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, नियम तो नियम.

मी यंत्रं उकरली. तुमच्या व्हरांड्यात पंखे आणि मोडक्या खुर्च्यांच्या मधे, बंद करून, रांगेत मांडली. भांडारपाल एकेकाला स्टिकर डकवत आला आणि शेवटच्या यंत्रापाशी अडला. ते बाळंतीण विभागाखालचं. तळ्याचं पाणी त्याच्या सांध्यांत मुरलेलं, पुसलं की पुन्हा पाझरायचं. स्टिकर काही चिकटेना.

"वाळू दे," तो म्हणाला.

"मग बाकीची नेतो."

"लॉट फोडता येत नाही. सगळी एकदम येतात, सगळी एकदम जातात."

"दोरीने बांधा की स्टिकर!"

"तू टेम्पो चालव."

ते यंत्र उन्हात ठेवलं. आम्ही रोज फोन करायचो, रोज उत्तर तेच: ओलं आहे.

आणि मग तो आला. भर दुपारी. कपाट वाजलं, दिवा झोके घ्यायला लागला, शेजारीपाजारी बोंब मारत रस्त्यावर पळाले. ताई पळाली नाही. तिने फरशीवर दोन्ही तळवे टेकले. "हाच," ती म्हणाली, "हाच रे तो." धक्का थांबला तरी तिने हात उचलले नाहीत. मग तशीच बसून रडायला लागली. मेलेल्या माणसासाठी रडतात तशी.

संध्याकाळी आई आली ती बोलतच. तिच्या विभागातल्या खाटा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकल्या होत्या, आणि जुन्या इमारतीत एक पेशंट उठलासुद्धा नव्हता, घोरत होता. ताई तिला युनिफॉर्मवरच तुमच्यासमोर घेऊन आली. आईने सगळं सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण नोंद कुठाय?"

"नोंद करणारं यंत्र तुमच्या व्हरांड्यात ऊन खातंय."

"ते भांडाराचं काम. आमच्या अखत्यारीत येत नाही."

"मग तुमच्या अखत्यारीत येतं तरी काय? चहा?"

या वेळी कुणी हसलं नाही. तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

परतताना टेम्पोत ताई आईच्या मागे लागली. रजा टाक, काहीही कारण दे, पण तिथे जाऊ नकोस.

"मी रजा टाकते. आणि त्या बायकांनी काय करायचं? कळा थांबवायच्या?"

"आई, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?"

पुढची बैठक झालीच नाही. त्याआधी मोठा आला. जुन्या इमारतीचं प्लास्टर पडलं, काचा फुटल्या. नवी इमारत होती तिथेच खाली बसली, वरचा मजला खालच्यावर. बाळंतिणी किती होत्या ते तुम्ही पेपरात वाचलंत. आईला बाहेर काढलं तेव्हा चेहऱ्यावरून ओळखता येण्याजोगं काही नव्हतं. चपलेच्या पट्ट्यावरून ओळखली. तो पट्टा मी शिवला होता, चुकीच्या रंगाच्या दोऱ्याने, त्यावरून तिने मला बोलही लावले होते.

तिला स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो आणि फोन वाजला. भांडारपाल. "वाळलं. स्टिकर बसला. घेऊन जा."

चौकशी झाली. चौकशीत तुम्ही लिहिलंत की धोक्याची कोणतीही शास्त्रीय नोंद उपलब्ध नव्हती. काखा वर केल्यात आणि मोकळे झालात.

मग तुमचे अध्यक्ष आमच्या घरी आले. आईच्या फोटोपुढे मान खाली घालून उभे राहिले, मग बसले, मग म्हणाले की आता या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष आहे, ताईला पूर्वीपेक्षा कितीतरी मोठं अनुदान मिळेल. एकच किरकोळ बाब. जुन्या अहवालात तिने लिहायचं: यंत्रं तांत्रिक बिघाडामुळे बंद होती.

ताईने तसं लिहून सही केली. तिथेच, त्यांच्याच पेनाने.

ते गेल्यावर मी नको नको ते बोललो तिला. आईला विकलीस, म्हणालो. तिने ऐकून घेतलं.

"आणखी तीन इस्पितळं भरावावर उभी आहेत," ती म्हणाली. "खाली पुरायला यंत्रं त्यांच्याकडेच आहेत. तू देतोस का? दे, आत्ता जाऊन सही मागे घेते."

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो काढला आणि त्या तिन्ही ठिकाणी खड्डे खणले. एका ठिकाणी खणताना वरच्या खिडकीतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तिथली जमीनही ओली आहे.

मी कुठल्याच कागदावर सही केलेली नाही, म्हणून मी विचारू शकतो. पुढची मोजणी येईल. भांडारपाल पुन्हा ताईला फोन करेल, ताई पुन्हा तुम्हाला विचारेल. तेव्हा ती यंत्रं जमिनीत राहू देणार आहात की नाही? समिती, विभाग, अखत्यार, यातलं काही ऐकायचं नाही मला. हो की नाही, ते सांगा. आणि सांगणाऱ्याने आपलं नाव सांगा.