तीन कोनांचा बोल्ट

"हा बोल्ट काई माह्यानं खुलत नाई जी!" मोटारीखालून देवमनचा आवाज आला आणि पाठोपाठ पाना फरशीवर आपटला.

ओसरीवर बंगईत झुलत बसलेले मालक भगवंतराव गालात हसले. "म्हनलं नव्हतं मी? नागपूरचा मिस्त्री बी हात टेकून गेला. हे मोटार फक्त आमच्या शेष्याचं आयकते."

मोटारीचा ड्रायव्हर शेषराव मडगार्डला टेकून उभा होता. खाकी पँटच्या खिशात त्याची मूठ आवळलेली होती आणि मुठीत त्या बोल्टाचा पाना होता.

एस.टी.च्या अकोला डेपोतून त्याला ड्रायव्हरच्या जागेसाठी कागद आला होता. सोमवारी सकाळी दहाला हजर राहायचं, सोबत आधीच्या मालकाचा वर्तणुकीचा दाखला आणायचा. भगवंतरावांनी दाखल्याला नाही म्हटलं नव्हतं, ते तोंडावर कुणालाच नाही म्हणत नसत. त्यांनी नुसती अट घातली होती. नव्या माणसाला, म्हणजे देवमनला, मोटारीचं ऑईल बदलता आलं की दाखला घे अन् खुशाल जा. आज शनिवारची दुपार झाली होती, आणि देवमनने सकाळपासून घासलेटच्या दोन बाटल्या त्या बोल्टावर रिकाम्या केल्या होत्या.

मोटार विलायती, छत्तीस सालची. अमरावतीच्या या घरापासून वरूडच्या संत्र्याच्या बागेपर्यंत तिच्या आठवड्याला दोन खेपा होत. ती जिथे उभी राही तिथे तिच्याखाली एक डबा ठेवावा लागे, नाहीतर फरशी ऑईलने काळी व्हायची. सगळ्या गावाला वाटे, एवढी जुनी मोटार, गळणारच. खरं काय ते एकट्या शेषरावाला ठाऊक होतं.

बावन्न साली एकदा बागेच्या वाटेवर मोटार बंद पडली आणि भगवंतराव संतापून म्हणाले, "पुढच्या मयन्यापासून मी दुसरा मानूस पाहातो." शेषरावाच्या बायकोला, भागीरथाला, तेव्हा सातवा महिना होता. राहायची खोली मोटारखान्यामागची, तीही मालकाचीच. इंजिनच्या चेंबरला तळाशी ऑईल सोडायचा बोल्ट असतो. त्याचं डोकं झिजलं होतं, आटेही गेले होते. तो बदलायचं सोडून शेषरावाने तो कानशीने घासून तीनकोनी केला. बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून त्याला बसेल असा पाना घडवला. बोल्ट खोल खोबणीत होता, दुसरं हत्यार तिथे शिरतच नसे. नागपूरचा मिस्त्री विलायतवाल्यांची काहीतरी खोड असेल म्हणून निघून गेला. शेषराव मात्र दर पंधरवड्याला सगळ्यांना लांब घालवून मोटारीखाली शिरायचा, आट्यांना सुतळी आणि सफेदा लावून बोल्ट आवळायचा. नवा बोल्ट आणि तांब्याच्या चकतीचा वायसर घातला असता तर गळती एका दुपारीत थांबली असती. त्याने ती दहा वर्षं जपली.

त्याची नोकरी पक्की झाली ती अशी. आणि तो त्या मोटारीला असा बांधला गेला की शेंदूरजनाघाटला बाप वारला, तेव्हा भगवंतराव म्हणाले, "तू गेला तं मी अडकून पडन." तो पोचला तिसऱ्या दिवशी. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला तरी इथे शेष्याचा शेष्याच राहिला. डेपोच्या कागदावर तेवढं 'शेषराव बुधाजी इंगळे' असं पुरं नाव होतं. भागीरथाने ते त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं.

भगवंतराव आत जाऊन आडवे झाले. देवमन तोंड पुसत बाहेर आला. "भाऊ, तुमी कसा खोलता सांगा ना. पाया पडतो."

शेषरावाला राहवलं नाही. त्याने पाना काढून देवमनच्या हातावर ठेवला. देवमनने तो उलटसुलट पाहिला, वाकून बोल्टाकडे पाहिलं.

"म्हंजे हे तुमीच केलं?"

"मीच."

देवमनचा चेहरा उजळला. तो हळू आवाजात म्हणाला, "मंग हा मले देऊन जा. कोनाले सांगत नाई मी. पाच लेकरं हायेत मले. हा हाती असला तं मले कोनी हाकलत नाई."

सुटायला एवढं पुरेसं होतं. पाना द्यायचा, दाखला घ्यायचा, अकोल्याची गाडी धरायची. पण देवमनच्या डोळ्यांतला तो आनंद शेषरावाच्या चांगला ओळखीचा होता. त्याने हात पुढे केला.

"नाई देवमन. दे इकडं," तो म्हणाला.

त्याने स्वतः बोल्ट काढला. बाजारातून सूतभर जाड, सहा कोनांचा नवा बोल्ट आणला, आटे नव्याने पाडले, वायसर घातला, ऑईल भरलं. तासभर इंजिन चालू ठेवलं. डबा कोरडा राहिला. मग देवमनने साध्या पान्याने तो बोल्ट एकदा सैल करून पुन्हा आवळून दाखवला.

भगवंतराव डब्यात डोकावून थक्क झाले. "वा रे शेष्या! अन् हेच पयले काहून नाई केलं?"

असा बोल्ट मिळत नव्हता, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण शेजारी देवमन उभा होता. शेषरावाने जुना बोल्ट आणि पाना बंगईवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"दहा सालं मले येडं बनवलं तुनं?"

"तुमी काढतो म्हनलं होतं जी. बागेच्या रस्त्यावर. भागीरथाले सातवा मयना होता."

भगवंतरावांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. खरोखरच आठवून पाहिलं. "मी? मी कवा म्हनलं? रागात निंगालं असन तोंडातून. दुसऱ्या दिवशी ध्यानात तरी होतं काय माह्या?"

ज्या शब्दाच्या धाकाने त्याने दहा वर्षं काढली, तो बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हता.

"कबूल केलं होतं तं दाखला देतो," भगवंतराव म्हणाले. "पन लिहीन ते खरं लिहीन. अन् मंगळवारी खोली खाली कर."

दाखल्यात दोनच ओळी होत्या. 'कामात अत्यंत हुशार. विश्वासू नाही.'

सोमवारी अकोल्याच्या डेपोत कारकुनाने तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे काय आनलं रे बाबा? हे लावलं तं तुह्यं नाव लागत नाई. दाखला घरी राहिला सांग, उद्या दुसरा घेऊन ये."

"दुसरा कोन देते जी? अन् लिहिलं ते खरं हाये. लावा."

कारकुनाने टाचणी टोचली. शेषराव बाकावर बसला. एकेक नाव पुकारलं जात होतं, माणसं आत जात होती. उन्हं कलली तरी इंगळे हे नाव आलं नाही. शेवटी कारकून बाहेर येऊन "बाकीच्यायनं घरी जा" म्हणाला आणि दाराला कडी लावून निघून गेला.

समोर एक एस.टी. उभी होती. तिच्याखाली ऑईलचा थेंब पडत होता, थांबून पुन्हा पडत होता. शेषराव थोडा वेळ बघत राहिला. मग उठला, कागद खिशात नीट घातला आणि पाठीवर सरपटत गाडीखाली शिरला. बोल्ट साधाच होता, सहा कोनांचा, कुणीतरी घाईत सैल सोडलेला. पाना जवळ नव्हता, हत्यारं सगळी मालकाकडे राहिली होती. त्याने चिमटीत धरून बोल्ट पिळता येईल तेवढा पिळला. मग खाली तळहात धरला आणि तसाच पडून राहिला.

तळहात कोरडा राहिला.