पेजेची निवळ

“काय चाचा, सरला का वारा?”

सिस्टर दीपालीने वॉर्डाच्या दारातूनच विचारले आणि पुरुषांच्या वॉर्डातल्या अठरा खाटांनी एकदम बारा नंबरकडे पाहिले. करीमने डोळे मिटून मान हलवली. नाही. ऑपरेशनला आज पाचवा दिवस. आतड्याला पीळ पडला होता. काळा पडलेला वीतभर भाग कापून डॉक्टरांनी दोन्ही टोके जोडली होती. ती शिवण धरली की नाही, हे आता पोटानेच सांगायचे होते, आणि ते सांगेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नव्हता.

“तारू वाऱ्याबिगर नाय हलायचा, चाचानू,” शेजारच्या खाटेवरून भागोजी म्हणाला. देवरूखकडच्या डोंगरातला हा शेतकरी अंतर्गळाच्या ऑपरेशनसाठी आला होता. “तुमी तर दर्यावरचा मानूस. शिडाला सांगा कायतरी!”

“मी खलाशी नव्हतो रे. भंडारी व्हतो. वारा बघायचं काम दुसऱ्याचं, माझं काम चूल.”

नाकातल्या नळीमुळे आवाज घोगरा झाला होता, तरी ‘भंडारी’ हा शब्द त्याने नीट उच्चारला. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, आणि करीम एकतीस वर्षे मालवाहू जहाजांवर भंडारी होता. चाळीस माणसांची भूक त्याच्या दोन हातांवर तोललेली असे. शेवटचा खलाशी जेवल्याखेरीज भंडाऱ्याने घास घ्यायचा नाही, हा नियम त्याने तापातही मोडला नव्हता. सगळे जेवायला बसले की तो दाराच्या चौकटीला टेकून एकच प्रश्न विचारी, “मीठ बरोबर हाय?” त्या तीन शब्दांपलीकडे कुणावरची माया बोलून दाखवणे त्याला कधी जमले नाही.

दीड वर्षाने दोन महिने सुट्टी मिळे. मग राजिवड्याच्या घरात चूल त्याच्या ताब्यात येई आणि तो प्रश्न बायकोच्या, अजराच्या वाट्याला. एकदा तो कालवणात मीठ घालायलाच विसरला. अजरा पोटभर जेवली, ‘बरोबर हाय’ म्हणाली, आणि शेवटी स्वतःचा घास तोंडात गेल्यावर त्याला चूक कळली. “बोलायचं नाय व्हय?” तो ओरडला होता. ती पदराआड हसत राहिली होती.

ते हसू सोबत घेऊनच तो परत समुद्रावर गेला. अजरा याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात वारली, त्याला आता पंधरा वर्षे झाली. तिच्याही पोटाचे ऑपरेशन झाले होते. करीमला तार मिळाली ती अकरा दिवसांनी, परक्या बंदरात. जहाज कायमचे सोडून गावी आल्यावर ‘शिवण सुटली’ एवढेच लोकांनी सांगितले, आणि एवढेच त्याने ऐकून घेतले. अधिक विचारले असते तर ती पुन्हा एकदा गेली असती.

दुपारी खिडकीतून भाट्याच्या खाडीवरचा खारा वारा आत येत होता. करीमला गुंगी लागली होती. पोटात कुठेतरी खोलवर, ओहोटीचे पाणी खडकाच्या फटीत शिरावे तसे काहीतरी गुरगुरले, आणि मग ज्याची पाच दिवस वाट पाहिली होती ते घडले. चांगले ऐकू जाईल असे घडले.

“सुटला! वारा सुटला!” भागोजी टाके विसरून उठून बसला. “नांगर उचला रं!”

वॉर्ड हसला. करीमही लाजत हसला. डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले आणि नाकातली नळी काढली. “बोलायला लागलंय. संध्याकाळी पेजेची निवळ द्या, नुसतं वरचं पाणी, दोन-दोन चमचे. तेल, तूप, मटण, मासळी, काहीही नाही. शिवण अजून ओली आहे, चाचा.”

संध्याकाळी महरीन थर्मास घेऊन आली. करीमची ही एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. उकड्या तांदळाची पेज तिने फडक्यातून दोनदा गाळून आणली होती. वाटीत ओतली तेव्हा ती इतकी पातळ होती की वाटीच्या तळाला कोरलेले फूल स्पष्ट दिसत होते.

करीमने एक चमचा घेतला, जिभेवर फिरवला, गिळला.

“ह्या पाण्यात तांदूळ नुसता आंघोळ करून गेलाय.”

“डॉक्टरांनी तशीच सांगितलीय, अब्बा.”

“डॉक्टरला चुलीतलं काय कळतंय? पाच दिवस उपाशी हाय मी. हात बघ, वल्ह्याच्या काठीवाणी झालेत. उद्या पाया करून आण.”

“नाही.”

“नाही काय? बकऱ्याचे चार पाय आण बाजारातनं, मी सांगतो तसं कर. तुना त्याचं वावडं, मना ठाव हाय. बकरीदला मी पातेलंभर करतो आणि तू बोट लावत नायस. पेजखाऊ!”

“चाचानू, आमाला पन वाटीभर मागवा,” भागोजी म्हणाला.

त्या शब्दाने करीमला चेव आला. उशीला टेकून तो सांगू लागला. त्याचे दोन्ही हात हवेत अदृश्य पातेले धरून होते. “पाय आधी आचेवर भाजायचे. खरवडून धुवायचे. मिरी, आलं, लसूण ठेचून घालायचं. आच मंद. हाड मऊ झालं की उतरवायचं, आणि वरचा तवंग...”

“...तवंग काढायचा नाय. ताकद तवंगात असते,” महरीन म्हणाली.

तिने ते त्याच्याच लयीत म्हटले होते. तो जिथे थांबला असता, तिथेच थांबून. करीमचे हात हवेतच राहिले.

“तुना कसं ठाव? तू तर कधी केला नायस.”

“एकदा केलाय.”

“कधी?”

ती थर्मासचे झाकण बंद करत राहिली. झाकण केव्हाच बंद झाले होते.

“तुम्ही कॅसेट पाठवलेली. तहाचाचांबरोबर.”

त्याला आठवले. अजराचे ऑपरेशन ठरल्याचे पत्र मिळाले तेव्हा त्याने जहाजाच्या स्वयंपाकघरात बसून, मागे इंजिन धडधडत असताना, कॅसेट भरली होती. गावी निघालेल्या, जहाजावरच्याच तहाच्या हातात ती दिली होती. ‘पेज पिऊन माणूस उभा नाय राहत, अजरा. पोरीकडनं पाया करून घे. मी सांगतो तसा.’

“पाचव्या दिवशी पोचली,” महरीन म्हणाली. “अम्माने टेप उशीखाली लावून ऐकली. तिलाही निवळच सांगितली होती. मी म्हटलं, डॉक्टर ओरडतील. ती म्हणाली, ‘चाळीस माणसं पोसतात ते. त्यांना जास्त कळतं.’ मी तेरा वर्षांची होते, अब्बा. कॅसेट थांबवून थांबवून केला. ती वाटीभर प्यायली. रात्रीपासून पोट फुगायला लागलं. तिसऱ्या दिवशी...”

तिने थर्मास खाटेखाली सरकवला.

“डॉक्टर म्हणाले, शिवण कदाचित तशीही सुटली असती. कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले.”

करीमने विचारले, “पंधरा वर्षं का नाय बोललीस?”

“अम्माने शपथ घातलेली. म्हणाली, त्यांना सांगू नको. कळलं तर ते परत चुलीला हात लावायचे नाहीत, आणि चुलीशिवाय ते जगणार कसे?”

खाडीपलीकडे उजेड उतरत होता. पंधरा बकरीदा करीमच्या डोळ्यांपुढून गेल्या. प्रत्येक ईदेला अजराच्या नावाने त्याने पाया शिजवला होता, तवंगासकट. पहिली वाटी या पोरीपुढे ठेवून ‘मीठ बरोबर हाय?’ विचारले होते, आणि ती उठून गेली की नावे ठेवली होती. त्याला रडावेसे वाटले, पण रडताना पोट आवळले जाते आणि टाके ओढतात. एवढेही त्याच्या हाती उरले नव्हते.

“काय चाचानू, वारा पडला वाटतं?” भागोजीने विचारले. मग करीमचा चेहरा पाहून त्याने कूस बदलली.

“तू जेवलीस?” करीमने विचारले.

“तुम्हाला देऊन मग.”

त्याने वाटी दोन्ही हातांनी उचलली. वाटी त्याने महरीनच्या पुढ्यात धरली.

“आधी तू. भंडारी शेवटी जेवतो.”

तिने दोन चमचे घेतले. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता; एकतीस वर्षे चौकटीला टेकून पाहिले होते तसे.

“मीठ बरोबर हाय?”

निवळीत मीठ नव्हतेच.

“बरोबर हाय,” महरीन म्हणाली.

मग करीमने वाटी आपल्याकडे घेतली आणि उरलेले पाणी, दोन-दोन चमचे, प्रत्येक घोट जिभेवर थांबवत, संपवले.