पातेल्यातला सूर्य

फ्लॅशकाकांच्या घरात एखादं भांडं सापडेनासं झालं की काकू स्वयंपाकघरात शोधत बसत नसत. सरळ बाहेरच्या खोलीत जायच्या आणि मान वर करून बघायच्या. चाळणी एखाद्या दिव्यापुढे तारेने बांधलेली असे, भिंतीवर ठिपक्यांचा उजेड पाडायला. बिस्किटांच्या उंच डब्याची दोन्ही टोकं कापून त्यातून उजेडाचा झोत काढलेला असे. काकूंची पांढरी ओढणी एका खोक्याच्या तोंडावर ताणून बसवलेली, आणि खोक्याला आतून चांदीचा कागद. त्यातून येणारा उजेड इतका मऊ असे की तक्रार करायला आलेला माणूसही त्यात सज्जन दिसायचा.

फ्लॅशकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं, आणि ते मोठ्यांनीही उचललं होतं. काकांनी जन्मभर विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या फायली तपासल्या. लोक काय सांगतात आणि खरं काय घडलंय यातला फरक शोधणं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला फोटोंच्या नादाला पूर्ण वाहून घेतलं आणि तो फरक मिटवायला सुरुवात केली. विकतचा दिवा, विकतचा स्टँड म्हणजे त्यांच्या मते अक्कल गहाण टाकणं. जे घरी होऊ शकतं ते दुकानातून आणायचं नाही, आणि त्यांच्या मते घरी सगळंच होऊ शकत होतं.

घरही त्यांना हवं तसं मिळालं होतं. तळमजला. एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून उभी, एक जिन्याखाली, आणि स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, जिथून सगळ्या मजल्यांचे पाइप खाली उतरतात. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय दाराची कडी हाताला लागत नसे. घर घेतलं तेव्हा नातेवाइकांनी हळहळ व्यक्त केली. काका मात्र मनातून खूश होते. बाहेरून आलेला उजेड आपल्या म्हणण्यात राहत नाही, तो मनाला येईल तेव्हा येतो आणि वाटेल तिथे पसरतो, असं त्यांचं मत. इथे ते लावतील तो दिवा आणि ते म्हणतील ती सावली.

काकूंनी वर्षानुवर्षं हे चालवून घेतलं. मग त्यांचं मनगट नुसत्या दाराच्या धक्क्याने मोडलं. डॉक्टरांनी हाडं तपासली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की रोज थोडा वेळ उन्हात बसत जा. इमारतीत ऊन यायचं ते पार्किंगमध्ये, स्कूटर आणि कचऱ्याचे डबे यांच्या मधल्या पट्ट्यात. काकू तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. पट्टा सरकला की खुर्ची सरकवायच्या. कुणाची गाडी आली की खुर्ची उचलून भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि गाडीवाला काच खाली करून म्हणायचा, "सॉरी हं काकू." हाताला पट्टा बांधलेला असताना खुर्ची उचलणं सोपं नव्हतं.

काकूंचा धाकटा भाऊ घरांची दलाली करायचा. त्याने दोन गल्ल्या सोडून एका इमारतीत वरच्या मजल्यावरचं घर दाखवलं. काकू तिथल्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मोडका हात उन्हात धरला. घरी आल्यावर म्हणाल्या, "मला तिथे राहायचंय." त्यांच्या संसारात काकूंची 'मला'ने सुरू होणारी वाक्यं फारच थोडी होती, त्यामुळे काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिथल्या मालकीणबाई मुलाकडे राहायला जाणार होत्या. थोडे दिवस थांबायला तयार होत्या, फार दिवस नाही. आणि आधी हे घर विकलं जायला हवं होतं.

काका हो म्हणाले. नाही म्हणाले असं कुणी म्हणू नये. त्यांची अट एकच होती.

"दाजी, मोबाइलवर चार फोटो काढा आणि पाठवून द्या, मी जाहिरात टाकतो," मेहुणा म्हणाला होता.

"मोबाइलवर?" काका म्हणाले. "फोटो मी काढीन."

त्यांनी फोटो काढले, आणि कसे काढले ते सांगायलाच हवं. बाहेरच्या खोलीत सगळे दिवे बंद करून कॅमेरा स्टँडवर ठेवला, त्याची पापणी, म्हणजे शटर, उघडी ठेवली आणि स्वतः काळे कपडे घालून हातात टॉर्च घेऊन खोलीभर फिरले. कोपरा न् कोपरा, कपाटाच्या वरची बाजू, पडद्यांच्या चुण्या, सगळं टॉर्चने सारवून काढलं. कॅमेऱ्याला अंधारात फिरणारे काका दिसले नाहीत, फक्त उजळलेल्या भिंती दिसल्या. फोटोत ती खोली एखाद्या दिवाणखान्यासारखी प्रशस्त आली.

पण खरी कमाल स्वयंपाकघराची. काकूंच्या जाड बुडाच्या पातेल्याला मधोमध भोक पाडून त्यात मोठा बल्ब बसवला. तोंडावर बटरपेपर, त्यावर चॉकलेटचे नारिंगी कागद चिकटवून. हे सगळं मॉपच्या दांड्याला आवळलं. बाथरूमची खिडकीही त्याच डक्टमध्ये उघडत असल्यामुळे दांडा तिथून बाहेर काढला की पातेलं स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर डाव्या कडेला, आतून दिसणार नाही असं यायचं, आणि फरशीवर गजांच्या सावल्यांसकट कोवळं ऊन पडायचं. दांडा धरायला माणूस लागणार होता. तेव्हा जिच्या हाडांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती बाई बाथरूममध्ये स्टुलावर उभी राहून बऱ्या हाताने सूर्य धरून होती.

"जरा वर," काका आतून म्हणाले. "आता साडेआठचं दिसतंय, मला साडेसातचं हवंय."

"साडेसात वर असतं की खाली?"

"खाली. खाली घे."

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "हे आपलं घर?"

"मग कुणाचं?"

"असं असतं तर मी कशाला निघाले असते," काकू म्हणाल्या आणि हात चोळत आत गेल्या.

जाहिरातीवर लोकांच्या उड्या पडल्या. मेहुण्याचा फोन वाजायचा थांबेना. येणारा प्रत्येक जण आधी स्वयंपाकघरात जायचा, फरशीकडे बघायचा आणि विचारायचा, "ऊन किती वाजता येतं?" काकू पाणी आणायला निघून जात. काका म्हणत, "ते तसं दिवसावर असतं." एक शिक्षक जोडपं पुन्हा सकाळी येऊन बसलं, चहा घेतला, वाट पाहिली आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठून गेलं. एका गृहस्थांनी होकायंत्र काढलं, खिडकीशी धरलं आणि काकांकडे अशा नजरेने पाहिलं की काकांना आपली विमा कंपनीतली नजर आठवली.

"दाजी, लोक मला शिव्या घालतायत," मेहुणा म्हणाला.

"फोटोंबद्दल काही म्हणाले का?"

"फोटो छान आहेत म्हणाले. मग शिव्या घातल्या."

अर्ध्याच बातमीने काकांचं समाधान झालं. घर जात नव्हतं याचं त्यांना जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटत नव्हतं, आणि हे काकूंना दिसत होतं. त्या रोज खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये जात होत्या आणि येत होत्या. एक दिवस मालकीणबाईंचा निरोप आला की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, रविवारपर्यंत काय ते कळवा. त्या रात्री काकू नीट जेवल्या नाहीत. काकांना मनापासून वाईट वाटलं. आपण काहीतरी केलं पाहिजे असं त्यांना वाटलं, आणि दुर्दैवाने त्यांनी ते केलं.

शनिवारी एक तरुण जोडपं येणार होतं, सोबत मुलीची आई. आभाळ सकाळपासून भरून आलेलं. काकांनी मॉपचा दांडा बाथरूमच्या खिडकीला शिकंज्याने आवळला, पातेलं डक्टमध्ये सोडलं, बटण दाबलं आणि बाथरूमला बाहेरून कडी घातली. काकू तेव्हा बाहेर होत्या. घरात आल्या तेव्हा पाहुणे स्वयंपाकघरात उभे होते आणि फरशीवर सोनेरी ऊन पसरलेलं होतं.

"अगं, फोटोत होतं तस्संच आहे," मुलगी म्हणाली. जावई मान डोलावत होता. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

आईला गुडघ्याचा त्रास असावा. त्या हळूच खाली वाकल्या आणि पाय शेकायला पुढे करावा तसा तळहात उन्हाच्या तुकड्यात धरला. जरा वेळ धरून ठेवला. मग पालथा करून पाहिला.

"हे तापत नाही," त्या म्हणाल्या.

 जावयाने खिडकीच्या गजांना गाल टेकवला, डोळे डावीकडे वळवले आणि तसाच राहिला. मागे झाल्यावर त्याने बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. मग तिने पाहिलं. मग आईंनी पाहिलं. माणसं भली होती, भांडली नाहीत. जाताना आई काकूंना एवढंच म्हणाल्या, "पातेलं चांगलं आहे हो तुमचं. असं जाड बूड आता मिळत नाही."

काका बोलणी खायची तयारी करून खुर्चीत बसले.  काकूंनी पातेलं सोडवून आणलं, बटरपेपर काढला, घासलं, आणि उजेडात धरून बुडाच्या भोकातून एकदा पलीकडे पाहिलं.

"मला ऊन हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला पातेलं धरायला दिलंत."

 काकूंनी घरातले सगळे दिवे एकेक करून बंद केले, आपला मोबाइल घेतला आणि झोपायच्या खोलीचा एक फोटो काढला. काकांनी तो डोकावून पाहिला. काळा चौकोन, आणि खालच्या बाजूला पलंगाची कड असावी असा संशय.

"यात काहीच दिसत नाही," काका कळवळून म्हणाले.

"तेच दाखवायचंय." त्यांनी फोटो भावाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'घर अंधारं आहे. दिवसा दिवा लावावा लागतो. बाकी चांगलं आहे.'

रविवारी भर दुपारी दारात एक नर्स उभी होती. कायमची रात्रपाळी, डोळे तांबारलेले. सकाळपासून झोपली नव्हती हे कुणी सांगायला नको होतं. तिने स्वयंपाकघराकडे बघितलंही नाही. झोपायची खोली कुठली विचारलं, आत गेली, दिवा बंद करा म्हणाली, दार लोटून घेतलं. काका-काकू बाहेर उभे. आतून बराच वेळ काही आवाज येईना, तेव्हा काकूंनी दार किलकिलं केलं. ती पलंगाच्या कडेला डोळे मिटून बसली होती.

"आत्ताच्या घरात खिडक्यांना कागद लावले, फॉइल लावला, ब्लँकेट ठोकलं," ती म्हणाली. "ऊन कुठून ना कुठून येतंच हो. एवढा अंधार मिळवायला किती खटपट करावी लागते, तुम्हाला कल्पना नाही काका."

कल्पना कुणाला होती तर काकांनाच होती.  इतकी वर्षं त्यांनी लावलेल्या उजेडाचं कुणी धड कौतुक केलं नव्हतं, आणि ज्यासाठी त्यांनी काडीही हलवली नव्हती त्या अंधाराला आज गुणी माणूस भेटला होता. "दाराच्या फटीखालून थोडं येतं," ते अपराधी स्वरात म्हणाले. "काळ्या फेल्टची पट्टी लावून देतो." आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी तिथल्या तिथे लावून दिली. नर्स घर घेते म्हणाली. काकूंनी लगेच मालकीणबाईंना फोन केला.

नवीन घरात पहिल्याच सकाळी ऊन पाहुण्यासारखं न विचारता आत आलं आणि दिवसभर राहिलं. एका खोलीतून दुसरीत गेलं, भिंतींवर चढलं, काकांच्या खोक्यांवर आणि डब्यांवर पडलं. काकांनी आपला सगळ्यात मोठा दिवा लावून पाहिला. तो लागलाय की नाही हे बटणाकडे बघून ठरवावं लागलं. ते खोलीभर फिरत राहिले, पडदे ओढत आणि पुन्हा उघडत. नर्सचा फोन येईल, कुठेतरी फट राहिली म्हणेल, अशी त्यांना आशा होती. तो आला नाही. ती झोपली असणार.

काकूंनी तीच प्लास्टिकची खुर्ची खिडकीपाशी ठेवली होती. बाह्या वर सारून, मान मागे टेकवून, डोळे मिटून त्या उन्हात बसल्या होत्या. इथे खुर्ची कुणासाठी उचलायची नव्हती.

"अहो," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "माझा एक फोटो काढा ना."

काका जागच्या जागी थांबले. आजवर दिवा जमलाय का बघायला ते काकूंना समोर बसवत आले होते. कधी उजेड मोजायला हातात करडा पुठ्ठा देऊन, कधी अर्धा चेहरा अंधारात ठेवून. फोटो काढा असं त्या स्वतःहून कधी म्हणाल्या नव्हत्या. काकांना फार आनंद झाला. त्यांनी कॅमेरा आणला, डोळ्याला लावला, आणि त्यांचा जीव खालीवर झाला. वरून थेट पडणारं रखरखीत ऊन. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाची सावली ओठांवर, कपाळ पार पांढरं. अशा उजेडात आपल्या बायकोचा फोटो काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

ते पावलं न वाजवता आत गेले. पांढरी चादर काढली, मॉपच्या दांड्याला बांधली, दुसरं टोक पडद्याच्या दांडीला अडकवलं आणि खिडकी व खुर्चीच्या मध्ये उभं राहून ताणून धरली. उजेड एकदम मऊ झाला. काकूंच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ निवत गेली. जन्मभर ज्याच्या मागे लागले तो उजेड हाच, हे काकांनी ओळखलं. त्यांनी एका हाताने कॅमेरा वर उचलला.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हात पुढे करून हवेत चाचपून पाहिलं.

"काय झालं? ढग आला का?"

"नाही," काका म्हणाले. "मी आहे."

काकूंनी डोळे उघडले. चादरीकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"मग जरा बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

काका बाजूला झाले. दांडा मात्र त्यांनी हातातून सोडला नाही.