ओठांना काय लावलंय?

"ओठांना काय लावलंय?" विष्णूने विचारलं.

"लिपबाम. बाहेर उणे अकरा आहे, काका."

"साबणाने धुऊन या. आणि आज आत जायचं नाही. बारा तास आधीपासून क्रीम नाही, लिपबाम नाही. आत्ताच वाचून दाखवलं ना? मग सही कशावर केलीत?"

क्षितिजाच्या मागे चार जर्मन मुलं रांगेत उभी होती. त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण कुणाची तरी खरडपट्टी चालली आहे एवढं त्यांना बरोबर कळलं. ती तोंड धुऊन आली तेव्हा विष्णूने तिच्या ओठांकडे मुद्दाम वाकून पाहिलं आणि मगच तिचं आउसवाइस, म्हणजे दार उघडायचं कार्ड, परत दिलं.

"आणि मी तुमचा काका नाही," तो म्हणाला.

विष्णू परब मूळचा कुडाळचा. आयटीआय करून पुण्याच्या कारखान्यात लागला आणि तिथून फिरत फिरत जर्मनीत, गार्चिंगच्या या संशोधन संस्थेत आला. सोळा वर्षं तो क्लीनरूममधले, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा प्रयोगखोलीतले, व्हॅक्यूम पंप सांभाळत होता. डॉक्टरेट करणारी पोरं यायची, चार वर्षांनी निघून जायची. जाताना त्याचा निरोप घ्यायचं कुणाच्या लक्षातही नसायचं. पण दर जानेवारीत उंटरवाइजुंग असे. सगळ्यांना नियम वाचून दाखवायचे आणि सह्या घ्यायच्या, हे काम विष्णूकडे होतं. त्या दिवशी भल्याभल्यांना त्याच्यापुढे उभं राहावं लागे, आणि तो दिवस तो पुरेपूर वसूल करी. क्षितिजावर तर त्याचा खास डोळा होता. ही पुण्याची पोरगी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत म्हणाली होती, "काका, तुमचं जर्मनसुद्धा मालवणी वाटतं हो!" बाकीचे काही न कळता हसले होते. विष्णू ते विसरला नव्हता.

क्लीनरूमची हवा कोरडी ठणठणीत. त्यात दिवसभर हातमोजे, आणि अल्कोहोलने पुसापुशी. संस्थेने मंजूर केलेलं एक क्रीम तेवढं चालत होतं, पण ते लावलं काय आणि न लावलं काय, सारखंच. थंडी पडली की विष्णूच्या बोटांची पेरं उलत, ओठांचा कोपरा चिरे, आणि हसलं की रक्त येई. म्हणून तो हसत नसे आणि लोक त्याला खडूस म्हणत. खरं सांगायचं तर, हसण्यासारखं त्याला कुणी काही सांगतही नसे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मोठ्या यंत्राने दगा दिला. आतली हवा काही केल्या पुरती उपसली जाईना, आणि काचेच्या चकत्यांवर तेलकट थर दिसायला लागला. विभागप्रमुख फ्राऊ लिंडनरने काम थांबवून नमुने तपासायला पाठवले. उत्तर आलं: झाडापासून काढलेली चरबी, कोकोबटरसारखी. क्षितिजाच्या लॉकरमध्ये लिपबामची नळी सापडली. तिच्यावर कोकोबटर असं छापलेलंच होतं. लिंडनरने तिचं कार्ड काढून घेतलं.

"फेब्रुवारीत मशीनवर माझी पाळी आहे! मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय!" क्षितिजा ओरडली. मग विष्णूकडे वळून मराठीत म्हणाली, "तुम्हीच लावून दिलंत ना यांच्याकडे?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तुम्हाला तोंड धुवायला लावलं होतं की नाही? मग काय खोटं बोलू?"

"त्या दिवसापासून मी एकदाही लावलं नाहीये. हे बघा!" तिच्या खालच्या ओठाची सालं निघाली होती. मधोमध लाल चीर होती.

"ते मला काय माहीत," विष्णू म्हणाला. त्या संध्याकाळी घरी जाताना भुयारी यू-बानमध्ये बसल्यावर त्याला फार बरं वाटलं. जिरली एकदाची!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखा शेगडीवर चमचा गरम केला. बहीण ऊर्मिला दरवर्षी कुडाळहून आमसुलं पाठवी आणि त्याच डब्यात कोकमतेलाचा पांढरा गोळा असे. गरम चमचा त्यावर फिरवायचा आणि जेवढं वितळेल तेवढं बोटाने ओठांना आणि पेरांना लावायचं. आई अशीच लावायची. इतकी वर्षं तो ते रात्री लावून सकाळी धुऊन टाकी. या जानेवारीत चीर फारच दुखायला लागली, म्हणून तो सकाळीही लावू लागला होता. यात नियम मोडतो असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. क्रीम म्हणजे दुकानातली नळी. हे तर आमसुलांच्या डब्यातलं, घरातलं.

बोट ओठाशी थांबलं. मास्कच्या आत चीर चुरचुरायची आणि तो हातमोज्याच्या बोटाने मास्क दाबायचा. मग त्याच बोटाने यंत्राच्या झाकणातली रबराची कडी बसवायचा. रोज.

त्याने ओठ साबणाने खसाखसा धुतले, रक्त येईपर्यंत. आणि तो गप्प बसला. एक दिवस नाही, चांगले आठ दिवस. आपण बोललो नाही तर कुणाला कधीच कळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. क्षितिजा रोज येई, क्लीनरूमच्या काचेबाहेर लॅपटॉप उघडून बसे आणि तो दिसला की तोंड फिरवी. चरबी तिचीच निघावी असं त्याला अजूनही वाटत होतं. तिच्याबद्दल दया म्हणावी तर तीही येत नव्हती, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

नवव्या दिवशी लिंडनरने त्याला खोलीत बोलावलं. क्षितिजा तिथे आधीच बसलेली होती. टेबलावर एक कागद होता: नियम समजावून दिले होते, तरी हिने ते मोडले.

"उंटरवाइजुंग तुम्ही दिलं होतं. इथे तुमची सही हवी," लिंडनर म्हणाली.

विष्णूने पेन उचललं. सोळा वर्षं त्याने लोकांच्या सह्या घेतल्या होत्या, आणि जो सही करून मोडतो त्याला तो माणसात धरत नसे. पेन त्याने खाली ठेवलं. जॅकेटच्या खिशात फडक्यात बांधलेला गोळा आठ दिवस पडून होता. तो त्याने कागदावर ठेवला.

"हे तपासा," तो म्हणाला. "हे माझं आहे. मीच लावत होतो."

"तुम्ही?" लिंडनर त्याच्याकडे बघत राहिली. "नियम तर तुम्हीच वाचता!"

"हो."

तपासणीत तेच निघालं. क्षितिजाला कार्ड मिळालं. विष्णूची क्लीनरूमची परवानगी कायमची गेली आणि त्याला तळघरातल्या लागरमध्ये, सामानाच्या कोठारात, बसवलं. तिथे हातमोज्यांची खोकी द्यायची आणि वहीत सही घ्यायची.

क्षितिजा त्याला जिन्यात भेटली. आभार मानील असं त्याला वाटलं नव्हतंच.

"किती दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"आठ."

"आठ दिवस मला तिथे बसलेली बघत होतात!"

"हो."

"शी!" ती म्हणाली आणि वर निघून गेली.

फेब्रुवारीच्या अखेरीस ती लागरमध्ये आली. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं होतं, आणि उंटरवाइजुंग आता तिच्याकडे दिलं होतं. विष्णूने खोकं पुढे सरकवलं आणि वही फिरवली. ती वाकून सही करत असताना त्याला तिचा ओठ दिसला. मधली चीर पार खोलवर गेली होती आणि त्यात रक्त सुकलं होतं. तपासून परत मिळालेला गोळा त्याच्या खणातच होता, हाताच्या अंतरावर.

"ओठांना..." त्याच्या तोंडून निघालं.

तिने मान वर केली. "काही लावलेलं नाही. बघायचंय? बघा!" आणि तिने चेहरा थेट त्याच्यापुढे आणला, त्या दिवशी त्याने वाकून पाहिलं होतं तितक्या जवळ.

विष्णूने खाली वहीकडे पाहिलं. "तारीख राहिली," तो म्हणाला.

तिने तारीख घातली, खोकं उचललं आणि गेली. विष्णूने खण उघडला. गोळ्यावर बोट घासून तो ओठांपाशी घेऊन गेला. सोळा वर्षांत पहिल्यांदाच हिवाळा संपायच्या आत त्याचे ओठ पूर्ण भरून आले होते. त्याने बोट फडक्याला पुसलं आणि खण लावून घेतला.