काकवीच्या डब्याचा वाकडा चमचा

मी चमचा बोलतोय. बसा, पण त्या स्टुलावर नको. सकाळी माझ्या अंगावरून एक थेंब तिथे ओघळलाय. बसलात तर उठताना स्टूल बरोबर न्यावं लागेल.

तुम्हाला वाटेल, चमचाच तो, त्याचं असं काय मोठं चरित्र. खरंय तुमचं. पण मला आज एक कबुली द्यायची आहे. मी एका प्रामाणिक बाईला तिच्याच घरात दोन वर्षं खोटं पाडलं. तोंड उघडून सांगता आलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण माझं सगळं अंग म्हणजेच तोंड, आणि ते कायम काकवीनं भरलेलं.

माझा जन्म छाप्याखाली झाला. पोलादी पत्र्याची पट्टी, वरून एक दणका, झालो मी. आम्ही सहा भाऊ एका खोक्यात निजून या घरात आलो. तेव्हा इतके चकचकीत होतो की घरधन्यानं म्हणे आमच्यात बघून भांग पाडला होता. पुढे एकेकाची वाट लागली. एक सालींबरोबर कचऱ्यात गेला. एक बूट चढवायच्या कामाला लागला. एक शेजारी वाटीबरोबर गेला तो तिथलाच होऊन राहिला. एक कुंडीतली माती उकरतो. पाचवा औषधाच्या बाटलीपाशी असतो आणि आजाऱ्यांच्या बातम्या आणतो. मी काकवीच्या डब्याच्या वाट्याला आलो.

तो डबा तुम्ही पाहायला हवा. गोल, पत्र्याचा, आणि झाकण असं की दातखीळ बसलेला माणूस बरा. कडेच्या खोबणीत काकवी साचते, वाळते, आणि मग झाकण म्हणतं, आता मी नाही उघडत जा. मग माझी शेपटी त्या फटीत घालून जोर लावायचा. म्हणून मी असा वाकडा. झाकण उघडतं ते एकदम, टाणकन उडून, आणि नेमकं पालथं पडतं. ते स्वच्छ बाजूवर पडलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

काकवीचं कसं असतं, तिला घाई सोसत नाही. डबा वाकडा करा, ती येत नाही. आणखी वाकडा करा, ती विचार करते. तुम्ही कंटाळून दुसरीकडे बघा, की पाव डबा एकदम भांड्यात. सरळ केला की एक धार बाहेरून ओघळते आणि डबा फळीला चिकटतो. एकदा तो उचलायला गेले तर फळी खिळ्यांसकट हातात आली. एकदा माझ्यावरून एकच थेंब ओट्यावर पडला. ओट्यावरून तो कोपराला लागला, कोपरावरून दाराच्या कडीला, कडीवरून घरधन्याच्या चष्म्याला, तिथून वर्तमानपत्राला. संध्याकाळी शेजारणीचं मांजर आमच्या जिन्याच्या कठड्याला चिकटलेलं सापडलं. मांजराचं थोडं वाढवून सांगतोय. बाकीचं खरं आहे.

घरात मुख्य बाई म्हणजे आई. सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही. तिनं आयुष्यभर शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवले. कापड दाबून दाबून तिच्या उजव्या तर्जनीचं टोक चपटं झालेलं. आणि ती एक केक करायची, आलं आणि काकवी घातलेला, इतका मऊ की दात नसलेला माणूसही दुसरा तुकडा मागायचा. साऱ्या गल्लीत त्या केकचं नाव होतं.

सूनबाई आली ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारी. थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारी, स्वच्छ, हातमोज्यांची सवय असलेली. खायच्या पदार्थात बोट घालणं तिला बिलकूल खपायचं नाही. पहिल्याच महिन्यात तिनं केकची कृती विचारली. आई यंत्रावर बसून एक पडदा शिवत होती. पायाने यंत्र चालवत तिनं सांगितलं, सूनबाईनं वहीत लिहून घेतलं. पीठ इतकं, लोणी इतकं, आलं इतकं, अंडी दोन. "आणि काकवी, डब्याच्या चमच्यानं चार चमचे. काठोकाठ. शीग नको."

चार चमचे. इथेच माझी लाज सुरू होते.

काय आहे, मी चार चमचे घेतो, पण देत नाही. काकवी माझ्या पोटाला आणि पाठीला चिकटून राहते. मला पालथा धरा, वाट बघा, भांड्याच्या काठावर ठक ठक आपटा; तरी तिसरा हिस्सा अंगावर राहतो. चार वेळा असं झालं की चमचाभर आणि वर थोडी काकवी मी गिळलेली असते. मग आईचा केक मऊ कसा व्हायचा? आईची ती चपटी तर्जनी. चमचा रिता केला की ती माझ्या पोटातून एकदा आणि पाठीवरून एकदा फिरायची, आणि मी लख्ख. आई तेव्हा कुणाशी तरी बोलत असायची, खिडकीबाहेर बघत असायची. आपलं बोट काय करतंय हे तिला ठाऊकच नव्हतं. तुम्ही पापणी किती वेळा मिटता ते सांगता का कुणाला?

सूनबाईनं पहिला केक केला तो आपल्या वडिलांच्या सत्तराव्या वाढदिवसाला, माहेरी, डबा आणि मला बरोबर नेऊन. वहीत होतं तस्सं केलं. केक सुरीखाली भुगा झाला. तिची थोरली बहीण तोंडातला घास पाण्याबरोबर उतरवत म्हणाली, "सासूबाईंनी काहीतरी राखून ठेवलेलं दिसतंय. या म्हाताऱ्या अशाच असतात. एक जिन्नस सांगतच नाहीत."

सूनबाई घरी आली. डबा जागेवर ठेवला, मला घासलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, काही राहिलं का सांगायचं?"

आईनं यंत्र थांबवलं. "काय राहायचंय? सगळं सांगितलंय."

"नाही, म्हणजे एखादी बारीकशी गोष्ट..."

"हातचं राखून सांगायची सवय नाही मला. चार चमचे म्हणजे चार चमचे."

झालं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात दोन पाळ्या पडल्या. एक आत असेल तेव्हा दुसरी बाहेर. सूनबाईनं एकदा चोरून पाच चमचे घालून पाहिले, तरी केक कोरडाच. सहाव्याचं धाडस तिच्या वहीत बसेना. आई आपला केक करायची तो सूनबाई कामावर गेल्यावर, आणि तो नेहमीसारखा मऊ व्हायचा. ते बघून सूनबाईचा संशय पक्का व्हायचा. जेवताना ती नवऱ्याला म्हणायची, "तुझ्या आईला विचार, आमटी वाढू का." आई दोन हातांवर बसलेली. पुढे ती नवरा-बायको वेगळं राहायला दुसरीकडे जागा बघू लागली. आईनं ते ओळखलं होतं. दुपारी केक करताना ती मला हातात धरून एकदा म्हणाली, "काय राखलं रे मी?"

मी तिच्या मुठीत होतो, आणि माझ्या पोटात उत्तर होतं. त्यावरून तिचं बोट फिरलं आणि तिला दिसलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. आईच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. लग्नाची नोंदणी आधी उरकून रविवारी सगळी घरी चहाला येणार होती, आणि धाकटीनं एकच मागितलं होतं, आईच्या हातचा केक. बुधवारी आईनं डबा काढला, किती काकवी उरलीय बघायला मला आत बुडवून बाहेर काढलं. मी तिथेही शेण खाल्लं. माझ्यावरून एक थेंब जमिनीवर पडला. आई डबा ठेवून वळली, चप्पल थेंबावर पडली, चप्पल तिथेच राहिली आणि आई पुढे गेली.

दवाखान्यातून आल्यावर मुलगा सांगत होता. डॉक्टरांनी विचारलं, "घसरलात का?" तर आई म्हणाली, "नाही हो, लोक घसरून पडतात. मी चिकटून पडले." सगळे हसले. मी हसलो नाही. आईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. तर्जनीचं फक्त टोकाचं पेर बाहेर.

शनिवारी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात आली. आई दाराशी उभी.

"धाकटीला विकतचा आणू," आई म्हणाली.

"नको. मी करते. तुम्ही समोर बसा आणि बघा."

"काय बघू?"

"मी काय चुकते ते. नाहीतर तुम्ही काय सांगितलं नाही ते. दोनातलं एक आज कळू दे. उद्या चाळीस माणसांसमोर भुगा झाला तर माझं नाक कापलं जाईल, आणि माझ्याबरोबर तुमचंही."

आई स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून. सूनबाईचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण त्या दोघी कृती हातात घेऊन एका ओट्यापाशी पहिल्यांदाच आल्या होत्या. सांगायला लाज वाटते.

पीठ झालं, आलं किसून झालं. झाकण टाणकन उडालं आणि पालथं पडलं. पहिला चमचा. सूनबाईनं मला भांड्यावर पालथा धरला, धार सुटू दिली, काठावर दोनदा आपटलं, आणि परत डब्यात बुडवायला नेलं. त्याच वेळी आईचा प्लॅस्टरचा हात मांडीवरून चार बोटं वर उठला. पेर हवेत जरा वाकलं. हात खाली गेला.

दुसरा चमचा. हात वर, पेर वाकलं, हात खाली.

तिसऱ्याला सूनबाई थांबली. "आई, तुमचं बोट काय करतंय?"

"कुठलं बोट?"

"हे. मी चमचा रिता केला की वर येतंय."

"खाज सुटली असेल आत. कापूस टोचतो."

"दर वेळी चमच्याच्याच वेळी खाज?"

आईनं आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. सूनबाईनं मला तसाच चिकट उचलला आणि आईच्या त्या उघड्या पेराखाली धरला. "करा. काय करायचंय ते करू द्या त्याला."

आणि ते बोट फिरलं. प्लॅस्टरमुळे अडखळत, पण वाट चुकलं नाही. पोटातून एकदा. सूनबाईनं मला उलटा केला, पाठीवरून एकदा. काकवीचा एक दाट गोळा बोटाच्या टोकावर लोंबला. सूनबाईनं त्याच्याखाली बशी धरली. मग बशी पुसून, दुसरं भांडं घेऊन तिनं पुन्हा मापं घेतली, चारही, आणि दर वेळी मला त्या बोटाखाली आणलं. बशीत साठलेलं तिनं मलाच मोजायला लावलं. चमचाभर भरलं, आणि वर थोडं उरलं.

डब्याच्या कडेनं एक ओघळ निघाला होता, तो मध्येच थांबला, असं मी सांगतो. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

"म्हणजे मी खोटीच की," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पाच चमचे होत होते आणि मी चार सांगत राहिले."

"नाही आई. तुम्ही चारच घालत होता. चार पुरते. मी घालत होते ते चार नव्हतेच."

"तू विचारलंस तेव्हा मी फाडकन बोलले."

"मी विचारलं कुठे. मी आरोप केला." सूनबाईनं बशी खाली ठेवली. "आणि ताईला सांगितलं, मावशीला सांगितलं, कामावरच्या बाईला सांगितलं. सगळ्यांना सांगून झालं, तुम्ही राखून ठेवता म्हणून."

ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. आईनं प्लॅस्टरचा हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला, आणि अर्थातच तो अ‍ॅप्रनला चिकटला. सोडवताना दोघींना हसू आलं. मला आलं नाही. खरा चोर मी, आणि माझ्यासमोर दोन बाया एकमेकींची क्षमा मागत होत्या.

रविवारी केक मऊ झाला. सूनबाईची थोरली बहीण दोन तुकडे खाऊन तिच्या कानाशी लागली, पण ती हळू बोलली तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जातं. "शेवटी दिली वाटतं खरी कृती?"

सूनबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "पहिल्याच दिवशी दिली होती. मलाच पुरती घेता आली नाही." चाळीस माणसं वळून बघू लागली. तिचे कान लाल झाले होते, पण तिनं नजर खाली घातली नाही. आई खुर्चीवर बसून डाव्या हातानं केक खात होती. तिनं मान वर केली नाही. फक्त घास चावायची थांबली.

वहीत आता 'चार चमचे' याच्यापुढे लिहिलंय, 'बोटानं निपटून'. जागा बघणं कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आईचं प्लॅस्टर निघालं, पण तर्जनी पहिल्यासारखी वाकत नाही. म्हणून बोट आता सूनबाईचं फिरतं. हातमोज्याशिवाय. तिचं बोट निमुळतं आहे, माझ्या पोटात नीट बसत नाही, पण शिकतंय.

घासून झालं की मी दिवसभर मांडणीत मान खाली घालून उभा असतो. लोकांना वाटतं, निथळायला ठेवलाय. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल, तर एवढं करा. कुणाची कृती फसली, तर लगेच माणसाकडे बोट दाखवू नका. आधी तेच बोट चमच्यावरून फिरवून बघा. आमच्यासारख्यांच्या अंगाला बरंच काही चिकटलेलं असतं, आणि नाव दुसऱ्यांचं खराब होतं.

आज सकाळीही केक झाला. चौथ्या चमच्यानंतर सूनबाईनं मला पोटातून आणि पाठीवरून निपटलं, उजेडात धरलं आणि आईपुढे केलं.

"आई, बघा. काही राहिलं का?"

आईनं चष्मा लावला. मला इकडून तिकडून फिरवून पाहिलं.

"मानेपाशी आहे बघ थोडं," ती म्हणाली.