अडुसष्टच्या खाली

एर्सिलियाने ओव्हनचं बटण फिरवून बंद केलं, उघडं दार लोटलं आणि त्याच्यावर वाळत घातलेले मोजे उचलून घेतले. स्वयंपाकघरातली सगळी ऊब तिथूनच येत होती. टेबलाशी ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या एलाडिओने मान वर केली.

"गॅस गेला?"

"गेला नाही, मी बंद केला. आज तपासणीवाली येणार आहे. कालपासून कानीकपाळी ओरडतेय."

"मग घर गार कशाला करायचं?"

"आपण कसे राहतो ते तिला दिसायला नको?"

एलाडिओला खोकल्याची उबळ आली आणि ती जाईपर्यंत एर्सिलिया त्याची पाठ चोळत राहिली.

नोव्हेंबरपासून सगळ्या घरांना ऊब देणारा इमारतीचा बॉयलर धड चालत नव्हता. मालकाला फोन लावला की यंत्र बोलायचं, तुमचा निरोप आमच्यासाठी फार मोलाचा आहे. डोंबलाचा मोलाचा! हिवाळ्यात दिवसा घरात अडुसष्ट अंश ऊब मालकाने द्यायलाच हवी, असा शहराचा कायदा. इथल्या फॅरनहाइट मापात बत्तीसला पाणी गोठतं. एर्सिलियाच्या भिंतीवरच्या तापमापकाचा काटा सकाळी चोपन्नवर असायचा. गेल्या हिवाळ्यात एलाडिओला न्यूमोनिया झाला, अकरा दिवस तो इस्पितळात होता. असा आणखी एक हिवाळा ही छाती काढणार नाही, असं डॉक्टरने तिला व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं. ते तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

भाडेकरूंचं सगळं बघायची ती पहिल्या मजल्यावरची नेरेइडा. सोमवारी कोर्टात तारीख होती. बावीस घरांच्या सह्या तिने जमवल्या होत्या. "पण काकू, सह्यांनी न्यायाधीशाला थंडी वाजत नाही," ती म्हणाली होती. "शहराच्या बाईने स्वतःच्या यंत्रावर बघून लिहून दिलं, तरच तो मालकाला नवा बॉयलर बसवायला लावेल." नेरेइडाची खोली बॉयलरच्या डोक्यावर, तिथे कायद्यापुरती ऊब असायची. बाकीचे दिवसभर कामावर. राहिलं पाचव्या मजल्यावरचं एर्सिलियाचं घर.

साडेबाराला फोन आला, बाई निघाली आहे. खालची बेल बंद होती. मागच्या खेपेला कोणी दार उघडलं नाही म्हणून तक्रारच निकाली काढली होती. एर्सिलियाने एलाडिओच्या खांद्यावर दुसरं ब्लँकेट टाकलं.

"तू नुसता बसून राहा. बाकी काही करू नकोस."

"मी काय करणार आहे, बाई?"

ती आणि नेरेइडा खालच्या दारात पाऊण तास पाय आपटत उभ्या राहिल्या. बाई आली ती धिप्पाड, दमलेली, गळ्यात ओळखपत्र. लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर ती कोणाला तरी तोंडातल्या तोंडात शिवी देऊन जिना चढू लागली. प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेत होती.

एर्सिलियाने दार ढकललं आणि आतली गरम हवा तिच्या तोंडावर आली.

ओव्हनचं दार सताड उघडं होतं. चारही शेगड्या भणभणत होत्या. एलाडिओ चर्चला जायच्या तपकिरी सुटात टाय लावून उभा होता. घाईने दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. टेबलावर कॉफी वाफाळत होती.

"या, या. बसा ना. घर जरा गार होतं, आता ठीक आहे."

"अहो काका, काय करून ठेवलंत हे!" नेरेइडा किंचाळलीच.

"काय केलं? बाई पाच जिने चढून येणार आणि मी तिला बर्फात बसवू? आमच्या गावी, अझुआत, असं कोणी करत नाही. अजून जिवंत आहे मी."

बाईने खोलीच्या मधोमध यंत्र धरलं. थोडा वेळ थांबली. मग आकडा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. सत्तर.

"हे ओव्हनमुळे आहे, तुम्हाला दिसतंय की," नेरेइडा म्हणाली.

"दिसतंय. पण सत्तरला मी काय लिहू?" तिने एलाडिओकडे पाहिलं. त्याने पुढे केलेला कप घेतला आणि कॉफी उभ्याउभ्याच प्यायली. "समोरच्या इमारतीत मला दोन घरं तपासायची आहेत. हे सगळं बंद करा. तीनला परत येते. तेव्हा अडुसष्टच्या खाली असेल तर लिहीन. नसेल तर तक्रार बंद होईल, माझ्या हातात काही नाही."

नेरेइडा तिच्यामागून बडबडत खाली गेली. एर्सिलियाने एकेक शेगडी विझवली. नवऱ्याला गदागदा हलवावं असं तिला वाटत होतं. इतका राग तिला लग्नानंतर कधी आला नव्हता. आणि त्याचे ओठ, किती आठवड्यांनी, माणसासारखे लाल दिसत होते.

"चांगली बाई होती," एलाडिओ म्हणाला. "कॉफी प्यायली."

दोन वाजता काटा सत्तरवर. सव्वादोनला सत्तरवर. मेली ऊब, हवी तेव्हा एक मिनिट टिकायची नाही! अडीचला एकोणसत्तर.

एर्सिलिया उठली. एलाडिओच्या सुटावरून दोन्ही ब्लँकेटं घट्ट लपेटली, कानटोपी ओढून कानांखाली आणली, हातमोजे चढवले. मग खिडकीच्या फटींवर तिने स्वतः लावलेली चिकटपट्टी नखाने उचकटून ओढून काढली आणि खिडकी दोन्ही हातांनी वर सारली. टेबलावरचे कागदी रुमाल उडून खाली पडले.

"एर्सिलिया, वारा येतोय."

"येऊ दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं.

"किती वेळ?"

"तीनपर्यंत."

ती काट्यासमोर जाऊन उभी राहिली. मागे एलाडिओ खोकायला लागला. आधी हळू, मग जोरात, मग थांबेचना. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खिडकी लावावी लागली असती.